पहिला कॅमेरा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात कडा नावाचे गाव आहे. अहिल्यानगर ते आष्टी ही रेल्वे 2022 च्या सप्टेंबर महिन्यात सुरू झाली. तिच्या मार्गावर हे गाव लागते. गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या प्रवाशास येथे थांबून पाहावे असे फारसे काही आढळत नाही. पावसाळा सरला की कडी नदीचे पात्र हळूहळू उघडे पडू लागते. भोवताली माळ पसरलेला असतो. मधूनच एखादी बाभूळ, एखादे ज्वारीचे शेत आणि दूर डोंगराची निळसर कड, एवढीच काय ती या प्रदेशाची शोभा, असे त्यास वाटते. परंतु जो या मातीत वाढला, त्यास हाच माळ दर प्रहरी निराळा दिसतो. सूर्य उगवतीला असताना नांगरलेल्या रानातील प्रत्येक ढेकळाला सावली असते आणि सारे रान उठावदार दिसते. सूर्य माथ्यावर आला की तेच रान सपाट, पांढुरके होऊन जाते.

जी गोष्ट माळाची, तीच माणसांची. दिवाळी झाली की या भागातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. हंगाम संपेपर्यंत ती परतत नाहीत. अनेक घरांत मागे उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या आधाराने शाळेत जाणारी मुले.

अशा एखाद्या घरातील, सातवीत शिकणारी एक मुलगी डोळ्यांपुढे आणावी. तिचा थोरला भाऊ पुण्यास कामाला आहे. “दिवाळीला येताना तुला एक कॅमेरा आणतो. कोणता आणू, ते तूच ठरवून सांग,” असे त्याने फोनवरून कळविले आहे. मुलीच्या मनातील बेत साधा आहे. आईवडील ऊसतोडीला निघतील तेव्हा त्यांच्या पेटीत दोन चित्रे असावीत: एक घरामागच्या माळाचे आणि दुसरे आजीचे. आजीचे एकच छायाचित्र आजवर निघाले आहे, ते तिच्या ओळखपत्रावरचे. आणि त्यात आजी घरच्यांनाही चटकन ओळखू येत नाही.

बेत साधा असला, तरी प्रश्न सोपा नाही. जाहिराती पाहाव्यात, तर प्रत्येक कॅमेरा सर्वांत उत्तम. मैत्रिणींना विचारावे, तर त्या म्हणतात, ज्याची किंमत जास्त तो घ्यावा. पैसे तर मोजकेच आहेत. ते चुकीच्या ठिकाणी गेले, तर पुन्हा तेवढे साठण्यास वर्षे लागतील.

या कोड्यात ती एकटीच पडलेली नाही. छायाचित्रणाची कला 1839 साली जगापुढे आली, तेव्हापासून प्रत्येक छायाचित्रकारास ते सोडवावे लागले आहे. मुंबईस 1854 साली छायाचित्रकारांची एक संस्था स्थापन झाली. त्या काळी काचेवर रासायनिक द्रव्याचा ओला थर देत. तो वाळण्यापूर्वीच चित्र घ्यावे लागे आणि धुऊन पक्केही करावे लागे. त्यामुळे डोंगराचे चित्र घेण्यास निघालेला मनुष्य कॅमेऱ्याबरोबर काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या आणि अंधारासाठी एक तंबूही घेऊन निघे. चित्र बैठकीवर बसलेल्या माणसाचे असो वा डोंगरावरील किल्ल्याचे, एवढा संसार बरोबर हवाच.

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या दरबारी छायाचित्रकाराचे नाव राजा दीनदयाळ. त्यांनी किल्ले, मंदिरे आणि राजवाडे यांची चित्रे घेतली, तशी राजेरजवाड्यांचीही घेतली. या दोन कामांची रीत मात्र भिन्न होती. इमारतीचे चित्र घ्यावयाचे, तर इमारत हलविता येत नाही. सूर्य योग्य जागी येण्याची वाट पाहावी लागते. माणसाचे चित्र घ्यावयाचे, तर माणसाला उजेडाकडे वळविता येते. पण माणूस कंटाळतो, अवघडतो, डोळे मिटतो. दगड वाट पाहावयास लावतो, आणि माणूस वाट पाहत नाही. नवशिक्याने साधने निवडताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

दुसरा धडा जर्मनीतील ऑस्कर बर्नाक या कारागिराकडून घेण्यासारखा आहे. त्यास निसर्गदृश्ये टिपण्याचा छंद होता. पण दम्याच्या विकारामुळे काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यास झेपत नसे. तेव्हा त्याने चित्रपटाची अरुंद फीत वापरणारा, हाताच्या पंजात मावेल असा कॅमेरा 1914 च्या सुमारास घडविला. पुढे 1925 साली तोच ‘लायका’ या नावाने बाजारात आला. त्यातील चित्राची चौकट 36 मिलिमीटर लांब आणि 24 मिलिमीटर रुंद होती. आजही उत्तम प्रतीच्या अनेक कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा भाग, म्हणजे सेन्सर, याच मापाचा असतो. घरात कुलूपबंद राहणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा खांद्यावर सहज वाहता येणारा लहान कॅमेरा अधिक चित्रे देतो, हे बर्नाकच्या उदाहरणावरून पटते.

तिसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाच्या यंत्रसामग्रीसाठी 1912 साली लंडनला गेले आणि विल्यमसन जातीचा कॅमेरा घेऊन परतले. तत्पूर्वी ते कित्येक वर्षे साध्या कॅमेऱ्यावर छायाचित्रणाचे काम करीत आले होते. आपल्याला काय टिपावयाचे आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणूनच कोणते यंत्र हवे हेही ठाऊक होते. परतल्यावर त्यांनी पहिला मोठा चित्रपट काढण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, याचे लहानसे चित्र तयार केले. रोपटे रोज थोडे वाढे आणि कॅमेरा त्याची वाढ थोडी थोडी टिपून घेई. ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो 1913 च्या मे महिन्यात. पण हाताला वळण लागले ते या वाटाण्यावर. घरातील सारी पुंजी पणास लावलेल्या माणसानेही आरंभ एका कुंडीपासून केला.

कड्याच्या मुलीने यातून काय घ्यावे? प्रथम तिने बाजार विसरावा आणि महिनाभर वडिलांच्या मोबाइलवर चित्रे घ्यावीत. मोबाइलचा सेन्सर नखाएवढा लहान असतो, हे खरे. परंतु पाहण्याचा सराव करण्यास तो पुरेसा आहे. महिन्याअखेर तिला आपोआप काही गोष्टी उमगतात. पहाटेच्या अंधुक उजेडात घेतलेला माळ मळकट आणि दाणेदार येतो. आजीच्या अगदी जवळ जाऊन घेतलेल्या चित्रात तिचे नाक मोठे आणि कान लहान दिसतात. मोबाइलचे भिंग रुंद प्रदेश पाहणारे असते. चौकट भरावी म्हणून मनुष्य पुढे पुढे सरकतो, आणि फार जवळून पाहिले की चेहऱ्याचा जवळचा भाग फुगतो, दूरचा आक्रसतो. काय बिघडते आहे हे एकदा कळले, म्हणजे काय विकत घ्यावयाचे याचे निम्मे उत्तर मिळाले.

आता माळाचा विचार करावा. माळाच्या चित्रात पायाशी पडलेले ढेकूळही स्पष्ट हवे आणि दूरची डोंगरकडही. भिंगातील छिद्र लहान केले की ही जवळ-दूरची स्पष्टता वाढते. छिद्राचे माप ‘एफ’ या अक्षरापुढील आकड्याने दाखवितात. आणि गंमत अशी की, आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. माळासाठी एफ 8 किंवा एफ 11 बहुधा पुरते. पण छिद्र लहान झाले की आत येणारा उजेडही घटतो, आणि कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. ती अर्धा सेकंद उघडी राहिली, तर तेवढ्यात हात हललाच म्हणून समजावे. याकरिता तीन पायांची घोडी हवी. तिलाच ट्रायपॉड म्हणतात. निसर्गदृश्यांच्या नवशिक्याने कॅमेऱ्यावरचे थोडे पैसे वाचवून ते मजबूत घोडीवर खर्च करावेत. वारा फार असेल तर तिच्या मधोमध दगड भरलेली पिशवी टांगावी. बटण दाबतानाही धक्का बसतो. म्हणून दोन सेकंदांनंतर आपोआप चित्र घेण्याची सोय कॅमेऱ्यात असते, ती वापरावी. विस्तीर्ण देखावा चौकटीत मावावा म्हणून भिंग रुंद प्रदेश पाहणारे असावे. सुटी भिंगे लावता येणाऱ्या सामान्य कॅमेऱ्याबरोबर बहुधा 18 ते 55 मिलिमीटरचे भिंग मिळते. त्याचे 18 चे टोक कड्याच्या माळाला पुरून उरते.

माणसाच्या चित्राची मागणी याच्या नेमकी उलट. येथे मागची भिंत, दोरीवरचे कपडे, कोपऱ्यातली घागर ही सारी धूसर झाली तरी चालते. किंबहुना झाली तर बरे. स्पष्ट हवेत ते डोळे. त्यासाठी छिद्र मोठे हवे आणि भिंग थोडे दुरून पाहणारे. वर सांगितलेल्या भिंगाचे 55 चे टोक येथे उपयोगी पडते. पुढे ऐपत झाली की 50 मिलिमीटरचे, एफ 1.8 पर्यंत उघडणारे साधे भिंग घ्यावे. नेहमीचे भिंग 55 च्या टोकास एफ 5.6 पर्यंतच उघडते. त्याच्या तुलनेत हे भिंग सुमारे दहापट उजेड आत घेते. घराच्या ओसरीवर, दिवस कलताना, हा फरक मोठा ठरतो. घोडी येथे फारशी कामाची नाही. मनुष्य स्वतःच हलतो. झडप सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा अधिक काळ उघडी न ठेवावी, म्हणजे हातही सांभाळला जातो आणि पापणीही.

चेहऱ्यासाठी सर्वांत मोठे साधन विकत घ्यावेच लागत नाही. ते म्हणजे दार. भर दुपारच्या उन्हात उभ्या केलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणींत काळोख साचतो. तोच मनुष्य दाराच्या आत, उजेडाकडे तोंड करून बसला, की उजेड मऊ होऊन चेहऱ्यावर पसरतो. एका गालावर छाया जास्त वाटली, तर त्या बाजूस धुतलेले पांढरे धोतर कोणी तरी हातांत धरून उभे राहावे. त्यावरून परतलेला उजेड छाया हलकी करतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तर कॅमेरा मिळेना म्हणून खटपट करून तो स्वतःच घडविला आणि त्यावर 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला. त्यांच्या महाराष्ट्रात धोतराचा पडदा करावयास कोणी लाजू नये.

राहता राहिले मेगापिक्सेल. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. सुमारे 21 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर लांब असे चित्र उत्तम छापण्यास साधारण 87 लाख ठिपके लागतात. काही वर्षांपूर्वीच्या साध्या कॅमेऱ्यातही याच्या दुपटीहून अधिक असतात. भिंतीवर लावावयाच्या चित्रासाठी एवढे पुष्कळ झाले. म्हणून मुलीने ठिपक्यांच्या शर्यतीत न उतरता चांगला, वापरलेला कॅमेरा घ्यावा, हे शहाणपणाचे.

वापरलेली वस्तू मात्र पारखून घ्यावी लागते. भिंग उजेडासमोर धरून त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का, ते पाहावे. छिद्र एफ 16 वर आणून मोकळ्या आकाशाचे चित्र घ्यावे. त्यात काळसर ठिपके उमटले तर आत धूळ आहे असे समजावे. बॅटरी किती वेळ टिकते, झडप एकसारखी चालते की अडखळते, हेही पाहावे. कड्यासारख्या कोरड्या मुलखात धूळ हा कॅमेऱ्याचा मोठा वैरी. भिंग बदलताना कॅमेऱ्याचे तोंड खाली असावे. भिंगावरची धूळ पदराने कधी पुसू नये, कारण धुळीचे कण काचेवर चरे पाडतात. रबरी फुग्याने वारा मारून ती आधी उडवावी.

एवढा विचार झाल्यावर मुलगी भावाला आपला निर्णय कळविते: साध्या भिंगासह एक वापरलेला कॅमेरा, एक मजबूत घोडी आणि एक रबरी फुगा. उरलेल्या पैशांतून दोन चित्रे कागदावर छापून आणावयाची. छापण्याचा खर्च पुष्कळजण विसरतात. परंतु पेटीत ठेवावयाचे चित्र पडद्यावर राहून भागत नाही.

माळाचे चित्र साधण्यास तिला पाच पहाटा लागतात. पहिल्या दिवशी ती उशिरा पोहोचते, दुसऱ्या दिवशी ढग येतात, तिसऱ्या दिवशी कॅमेरा वाकडा लागतो, चौथ्या दिवशी वारा घोडी हलवितो. पाचव्या दिवशी ऊन आडवे पडते आणि ढेकळाढेकळाला सावली फुटते. माळ रागावत नाही; त्याला किती वेळा विचारावे याला मर्यादा नाही.

आजीचे तसे नाही.

“कशाला गं माझा फोटू? काय राहिलंय आता ह्या तोंडात?” आजी म्हणते.

“आईला संगं न्यायला पाहिजे, आजी.”

जुन्या माणसांपैकी काहींना छायाचित्र घेतल्याने आयुष्य कमी होते असे वाटत असे. आजीला तशी भीती नाही. तिला वाटतो तो संकोच. मुलगी आग्रह करीत नाही. ती कॅमेरा बाजूस ठेवते आणि सुपातली ज्वारी निवडण्यास आजीपाशी बसते. काही वेळाने आजीच पदर नीट करते आणि म्हणते, “बरं, काढ. पण नीट काढ.” कॅमेरा समोर येताच मात्र ती काठीसारखी ताठ होते. तेव्हा मुलगी तिला तिच्या माहेरची गोष्ट विचारते. आजी सांगू लागते, तिचे हात पुन्हा सुपावर येतात, मान किंचित वळते, डोळ्यांत दाराचा उजेड उतरतो. झडप उघडून मिटते.

चित्र प्रथम आजीलाच दाखविले जाते. ज्याचे चित्र, त्याचा पहिला अधिकार. त्यास ते न आवडले तर ते पुसून टाकावे, हा या कलेतील साधा सभ्यपणा आहे. आजी कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहते.

“ही तर माझी आयच दिसती की,” ती हळूच म्हणते.

आजीच्या आईचे छायाचित्र जगात कोठेही नाही. तिचा चेहरा केवळ आजीच्या आठवणीत होता. तो आता या चित्रात, नातीच्या हाती आला. एवढ्यासाठी फार मोठा कॅमेरा लागला नाही. लागले ते एक उघडे दार, एक पुरेसे भिंग आणि समोरच्या माणसाचे ऐकून घेण्याची सवड.

दिवाळीनंतर ट्रक गावातून निघतो, तेव्हा आईच्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या घडीखाली दोन चित्रे असतात. मुलीचा कॅमेरा घरी खुंटीवर असतो. आता तिला आजीच्या घरापलीकडचे, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे दिसू लागले आहेत. कोणाची चित्रे अजून निघालेली नाहीत, त्यांची नावे ती वहीत लिहून काढते. नव्या भिंगासाठी पैसे साठण्यास अवकाश आहे. पण ती यादी थांबण्यासारखी नाही.